आमचे गट कुठं गेले?

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला फोन वाजला. औसा तालुक्यातल्या एका गावातली पतसंस्था, तिथल्या क्लार्क मॅडम. एरवी त्यांचा फोन म्हणजे प्रिंटरात कागद अडकला किंवा पासबुकातली ओळ खाली सरकली, एवढंच असतं. त्या दिवशी नमस्कारही न करता थेट म्हणाल्या, "ओ सर, आमचे गट कुठं गेले?" मागून बायकांचा गलका ऐकू येत होता. सोमवार हा तिथं बचत गटांच्या हप्त्यांचा दिवस. पायऱ्यांवर, कडुनिंबाखाली बायका येऊन बसलेल्या असणार, कुणाच्या पिशवीत पासबुकं, कुणाच्या पदराच्या गाठीत पैसे. आणि स्क्रीनवर गटांची यादी रिकामी. सभासद होते, ठेवी होत्या, कर्जखाती होती. त्रेसष्ट गट तेवढे नव्हते.

शनिवारी रात्री मीच डेटाबेस बदलला होता. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या ५.७ या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्येच संपली होती. त्यानंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नव्हत्या आणि मी बरेच महिने आज करू, उद्या करू म्हणत ढकलत आलो होतो. शेवटी बसलो, सगळं ८.० वर नेलं, ठेवींचा आणि रोजकीर्दीचा रिपोर्ट काढून पाहिला, आकडे जुळले आणि झोपलो. बचत गटांचं पान उघडून पाहिलंच नाही. २००८ साली हे सॉफ्टवेअर लिहिताना मी त्या टेबलाचं नाव 'ग्रुप्स' ठेवलं होतं. तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं. ८.० मध्ये मात्र तो शब्द डेटाबेसच्या भाषेनं स्वतःसाठी राखून घेतला. राखीव शब्द नाव म्हणून वापरायचा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना बॅकटिकची ती बारीक तिरकी खूण द्यावी लागते, नाहीतर वाक्यच चुकीचं ठरतं. पीएचपी या भाषेतल्या माझ्या जुन्या कोडमध्ये ती खूण कुठंच नव्हती, आणि चूक आली तर ती न दाखवता रिकामी यादी दाखवायची सवय मीच त्याला लावून ठेवली होती. अशा शब्दांची आधी तपासणी करणारं साधनही मायएसक्यूएलसोबत मिळतं. मी ते चालवलं नव्हतं.

कारण सापडून सगळ्या ओळी दुरुस्त होईपर्यंत दीड वाजला. गट परत दिसायला लागले तसा मी फोन केला. "मॅडम, डेटा कुठं गेला नव्हता. जागेवरच होता. नावाचा घोळ होता."

"बरं झालं बाई. पण सर, हे केलं कुणी?"

"माझ्याच्यानं झालं," मी म्हणालो. ते खरं होतं, पण तेवढ्यानं पुरं होत नव्हतं. ज्या शब्दावर आम्ही सोळा वर्षं काम केलं तो शब्द राखीव करायचा, हे कुणीतरी कुठंतरी ठरवलं होतं. कुणी ठरवलं, कुठं ठरवलं, त्या ठरवणाऱ्याच्या हातात ही गोष्ट गेली कशी, हे सगळं त्या बाईंना सांगायचं तर सुरुवात कुठून करायची? तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

सुरुवात मला वाटतं एका डोंगलपासून करावी लागेल. २००७ साली लातूरच्या मार्केट यार्डात एका आडतीवर मी कामाला जायचो. तुरीचा सीझन, पोत्यांची थप्पी छतापर्यंत, हवेत तुरीच्या टरफलाची धूळ, ती कीबोर्डच्या फटीत जाऊन बसायची आणि ऐन गर्दीत एखादं बटण अडकायचं. तिथं हिशोबाचं एक सॉफ्टवेअर होतं. शेतकऱ्याची पट्टी त्यावर निघायची, हमाली, तोलाई, आडत सगळं आपोआप वजा होऊन. कॉम्प्युटरच्या मागं बोटभर लांबीचा डोंगल खोचलेला असायचा. तो असेल तरच सॉफ्टवेअर उघडायचं. लक्ष्मीपूजनाला वह्यांबरोबर मॉनिटरला हळदकुंकू लागायचं आणि मुनीमजी वाकून मागच्या डोंगलालाही बोट लावायचे. त्या वर्षी तो डोंगल मेला. फोन केला तर कळलं, ज्या कंपनीचं ते सॉफ्टवेअर होतं ती दुसऱ्या एका कंपनीनं घेतली आहे आणि नव्या मालकांनी हे सॉफ्टवेअर बंद केलं आहे. नवीन डोंगल मिळणार नाही. फायली डिस्कवर होत्या, पण आतली मांडणी कुणाला ठाऊक नव्हती. चार वर्षांचा हिशोब डोळ्यासमोर असून हाताला लागत नव्हता.

मुनीमजी आणि मी अठरा रात्री बसलो. ते पट्ट्यांच्या कार्बनप्रती वाचायचे आणि मी टाइप करायचो. कार्बन फिका पडलेला, आकडे बोटांनी चाचपल्यासारखे वाचावे लागायचे. एखादा आकडा लागला नाही तर ते म्हणायचे, "थांब बाळा," आणि डोळे मिटून आठवायचे. बहुतेक वेळा त्यांना आठवायचं. कुणाची तूर, कोणत्या गावची, भाव काय फुटला होता. त्या अठरा रात्रींत मी मनाशी पक्कं केलं की आपण जे काही लिहू ते अशा जागी ठेवू जिथून ते काढून नेता येईल. फुकट मिळतं हे तर कारण होतंच, आमच्याकडं पैसे कुठं होते. पण मायएसक्यूएलकडं मी वळलो ते त्या डोंगलामुळं.

तेव्हा आमच्याकडं डेटाबेसची दोन जगं होती. औरंगाबादला क्लासवाल्यांच्या पाट्यांवर ओरॅकल मोठ्या अक्षरात असायचं. ओरॅकल केलं की पुण्यात नोकरी, असा सरळ हिशोब पोरं मांडायची आणि त्यासाठी बाप शेतावर कर्ज काढायचे. ओरॅकल बँकांचं, कारखान्यांचं, मोठ्या लोकांचं. मायएसक्यूएल आमचं. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून उतरवायचं, लिनक्सवर बसवायचं, अडलं तर रात्री नेटकॅफेत जाऊन शोधायचं. आम्ही त्याला नुसतं 'माय' म्हणायचो. "माय चालू झाली का?" "माय बसली रे." आमच्याकडं आईला माय म्हणतात, त्यामुळं ते तोंडात सहज बसलं होतं. पुढं कधीतरी वाचलं की हे माय म्हणजे इंग्रजीतलं 'माझं' नव्हे. फिनलंडचे मायकेल विडेनियस, ज्यांना सगळे माँटी म्हणतात, त्यांच्या मुलीचं ते नाव. त्यांच्याकडं उच्चार निराळा होतो. १९९५ च्या सुमाराला त्यांनी आणि दोन सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये कंपनी काढली आणि डेटाबेसला लेकीचं नाव दिलं. कुणीतरी लेकीचं नाव ठेवलेली वस्तू आपण आईच्या नावानं हाक मारून वापरतो, याचं मला फार बरं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

तिचं एक दुखणं होतं. त्या काळात भारनियमन रोज आठ-आठ, दहा-दहा तास. इन्व्हर्टर आधी लांब अंतरानं टूं करायचा, मग घाईघाईनं, आणि मग सगळं एकदम शांत. पंखा थांबतानाचा तो उतरता आवाज आणि पाठोपाठ हमालांच्या बोलण्याचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा. लाइट परत आली की पोटात गोळा यायचा. मायएसक्यूएलमध्ये तेव्हा टेबलं मायआयसॅम नावाच्या पद्धतीनं ठेवली जायची. लिहिता लिहिता वीज गेली की टेबल मोडायचं. 'टेबल क्रॅश झालं आहे, दुरुस्त करा' असा संदेश यायचा, मी दुरुस्तीची आज्ञा द्यायचो आणि किती ओळी वाचल्या ते पाहत बसायचो. कधी सगळ्या वाचायच्या. कधी शेवटच्या दोन पट्ट्या जायच्या आणि शेतकरी दारात उभा असायचा.

याला उतारा होता, इनोडीबी. हेल्सिंकीचे हैक्की तूरी यांनी तयार केलेली दुसरी पद्धत. मी ती मुनीमजींना समजावून सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे आधी कीर्द, मग खतावणी. आमी दुसरं काय करतो?" अगदी तेच. प्रत्येक बदल आधी एका लॉगमध्ये ओळीनं लिहायचा, मग सवडीनं खात्यात चढवायचा. मध्येच दिवे गेले तरी कीर्द हातात असते, ती वाचून खातं पुरं करता येतं. मुनीमजींना ते दोन मिनिटांत कळलं. मी आडतीवरची सगळी टेबलं त्या पद्धतीत बदलून घेतली आणि त्या पावसाळ्यापासून एकही पट्टी गेली नाही. पण ही इनोडीबी बनवणारी छोटी कंपनी ऑक्टोबर २००५ मध्येच ओरॅकलनं विकत घेतलेली होती. आमच्या मायच्या घरातली कीर्द लिहिणारा माणूस आधीच मोठ्या वाड्यावर नोकरीला लागला होता. मला ते तेव्हा ठाऊक होतं आणि मी त्याचा फार विचार केला नव्हता.

जानेवारी २००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं सुमारे एक अब्ज डॉलरला मायएसक्यूएल घ्यायचं जाहीर केलं. तेव्हा आम्ही खूश झालो. सन म्हणजे जावा ही प्रोग्रामिंगची भाषा काढणारे, ओपन सोर्सला, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या कोडला, जीव लावणारे. आणि मग २० एप्रिल २००९. ओरॅकलनं सनलाच घेतलं, ७.४ अब्ज डॉलर. बातमी मी रात्री नेटकॅफेत वाचली. शेजारच्या खुर्चीवर एक पोरगा परीक्षेचा फॉर्म भरत होता, बाहेर आईस्क्रीमच्या गाडीची घंटी. मी तो आकडा परत परत वाचला. आकड्यानं घाबरलो नव्हतो. ज्याच्या दारात आपल्याला जायचं नाही म्हणून आपण ही वाट धरली, तीच वाट त्याच्या दारात जाऊन पोचली, हे पाहून हात गार पडले होते.

त्याच आठवड्यात गावाकडं गेलो तर घरात वेगळीच काळजी. आमच्या बांधाला लागून असलेलं रान विकलं गेलं होतं. भावकीतल्या काकांनी लातूरच्या एका व्यापाऱ्याला दिलं. त्या रानात विहीर होती आणि विहिरीत आमचा चार आणे हिस्सा, आजोबांच्या वेळेपासून. पाळीनं पाणी चालायचं. अण्णा तीन रात्री झोपले नव्हते. सकाळी दोरा बांधलेला चष्मा लावून तलाठ्याकडं गेले, मीही सोबत गेलो. सातबारा हातात पडला तसं त्यांनी मालकाच्या नावाकडं पाहिलंच नाही. बोट थेट 'इतर अधिकार' या रकान्यावर ठेवलं. तिथं ती ओळ होती. विहिरीत चार आणे हिस्सा. "हे हितं लिहिलंय तवर मालक कोण का असंना," असं म्हणून त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि वाटेत पहिल्यांदा चहा प्यायले.

आजोबांकडं याच हिश्श्याचा निजामाच्या वेळचा एक उर्दू कागद होता. गावातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांनी तो एकदा वाचून दाखवल्याचं अण्णा सांगायचे. राज्य गेलं, भाषा गेली, मोजणीची मापं बदलली. हिस्सा मात्र एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उतरत आला. कुणीतरी दर वेळी तो मुद्दाम उतरवला म्हणून आला.

मायएसक्यूएलच्या सातबाऱ्यावर अशी ओळ होती, तिचं नाव जीपीएल. तो परवाना एकदा दिला की दिलेल्या कोडवरचा हक्क परत घेता येत नाही. कुणीही ते कोड घ्यावं, बदलावं, वाटावं, वाटताना त्याच अटीवर वाटावं. मालक बदलला म्हणून ती ओळ खोडता येत नाही. हे मला कळत होतं, पण तेवढ्यानं झोप येत नव्हती, कारण माँटी नेमकं उलट्या बाजूनं बोलत होते. त्यांचं म्हणणं असं की पाण्याचा हिस्सा राहील, पण मोटारघराची किल्ली, विहिरीचं नाव आणि पाणी विकायचा हक्क हे सगळं नव्या मालकाकडं जाईल. मायएसक्यूएलची कंपनी पगार कशावर द्यायची? ज्या उद्योगांना जीपीएलच्या अटी नको असत त्यांना वेगळा व्यापारी परवाना विकून. तो विकायचा अधिकार फक्त कोडच्या मालकाला. उद्या कुणी त्याच कोडची वेगळी फांदी काढली तर तिला हा रस्ता बंद. मग त्या फांदीवर काम करणाऱ्यांच्या घरची चूल कशावर पेटणार? डेटाबेस काही एकदा लिहून ठेवून देता येत नाही, त्याला रोज हात लागतो.

युरोपियन कमिशननंही हाच धागा धरला. अमेरिकेच्या न्याय खात्यानं ऑगस्ट २००९ मध्ये मंजुरी दिली होती, पण कमिशननं सप्टेंबरात सखोल चौकशी लावली आणि नोव्हेंबरात लेखी हरकत घेतली. सगळ्यात मोठी व्यापारी डेटाबेस कंपनी सगळ्यात मोठा ओपन सोर्स डेटाबेस विकत घेते आहे, मग ती त्याला वाढू देईल का, असा साधा सवाल. डिसेंबरात माँटींनी जगभरातून सह्या गोळा करायला घेतल्या. लातूरच्या त्या नेटकॅफेतून माझीही एक गेली. १४ डिसेंबरला ओरॅकलनं दहा वचनं जाहीर केली. पुढच्या आवृत्त्याही जीपीएलखाली येतील, सपोर्टचं कंत्राट घ्यायची कुणावर सक्ती होणार नाही, तीन वर्षं दर साली मायएसक्यूएलच्या संशोधनावर किमान २.४ कोटी डॉलर खर्च होईल, असं बरंच. वचनांची मुदत पाच वर्षं. २१ जानेवारी २०१० ला कमिशननं संमती दिली आणि आठवडाभरात सौदा पुरा झाला. पाच वर्षं वाचून मी हिशोब केला होता, २०१४ संपेपर्यंत. तोवर पतसंस्था दुसरीकडं न्यायची तयारी ठेवायची.

आडतीवर सौदा सांगताना ज्याची तूर असते तो शेतकरी निदान ढिगाशेजारी उभा असतो. भाव पटला नाही तर पोतं उचलून नेतो, न्यायची ऐपत नसली तरी तोंडानं तसं म्हणतो तरी. या सौद्यात डेव्हलपरांना कुणी शेजारी उभं केलं नव्हतं. माँटी फेब्रुवारी २००९ मध्येच सन सोडून गेले होते. जावा जन्माला घालणारे जेम्स गॉस्लिंग एप्रिल २०१० मध्ये ओरॅकलमधून बाहेर पडले. सनची ओपनसोलॅरिस ही ऑपरेटिंग सिस्टिम बंद पडली. सनच्याच ओपनऑफिसवर काम करणाऱ्यांनी सप्टेंबर २०१० मध्ये लिबरऑफिस नावाचा वेगळा संसार मांडला, आणि हडसन या प्रोग्रामरांच्या साधनावर काम करणाऱ्यांनी पुढच्या वर्षी जेन्किन्स. प्रत्येक ठिकाणी गोष्ट तीच झाली. कोड बरोबर नेता आलं, नाव मागं राहिलं. माँटींनाही मायएसक्यूएल हे नाव नेता आलं नाही. कोड घेऊन त्यांनी नवी फांदी काढली आणि धाकट्या लेकीचं नाव दिलं, मारिया. मारियाडीबी. मोठ्या लेकीचं नाव दुसऱ्याच्या मालकीचं झालं, हे एका बापानं कसं पचवलं असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं होतं. आता मला स्वतःला मुलगी आहे. ते जास्तच वाटतं.

मग व्हायचं ते झालं आणि ते मी धरलं होतं तसं झालं नाही.

डिसेंबर २०१० मध्ये मायएसक्यूएल ५.५ आली, ओरॅकलच्या हाताखालची पहिली. तिच्यात इनोडीबी हीच मूळ पद्धत झाली. आधी कीर्द, मग खतावणी, तीही कुणी न सांगता. मी आडतीवर हातानं जे बदललं होतं ते आता नव्यानं बसवणाऱ्या प्रत्येकाला आपसूक मिळू लागलं. माझ्यासारखा कुणी माणूस जवळ नसलेल्या किती दुकानांचा, किती संस्थांचा हिशोब त्यामुळं अंधारात मोडायचा वाचला असेल. ज्याची भीती घातली होती त्यानंच हे केलं, हे कबूल करायला मला वेळ लागला. ५.६ आली, ५.७ आली, दर वेळी आधीपेक्षा पक्की. ८.० मध्ये तर मराठीसाठी वेगळी आज्ञा द्यायची गरज उरली नाही. आधी कॅरेक्टर सेट, म्हणजे कोणत्या लिपीची अक्षरं ठेवायची ते, आठवणीनं सांगावा लागायचा, विसरलं की सभासदांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापून यायची आणि म्हातारे सभासद पासबुक डोळ्याजवळ नेऊन विचारायचे, माझं नाव कोणतं?

दुसरी बाजूही होती. २०११ मध्ये काही नव्या सोयी फक्त पैसे देणाऱ्यांच्या आवृत्तीत गेल्या. पुढच्या वर्षी काही चूकदुरुस्त्यांच्या तपासण्या सगळ्यांसाठी खुल्या ठेवणं बंद झालं. आधी कोणती चूक कशी सुधारली हे माझ्यासारखा माणूस लातुरात बसून वाचू शकायचा. मी तसंच शिकलो होतो, लोकांच्या चुका आणि त्यांच्या दुरुस्त्या वाचून. ते दार ओढून घेतलं गेल्याचं जगात कुणाला फार जाणवलं नसेल. मला जाणवलं.

विहिरीचंही असंच झालं. व्यापारी माणूस वाईट निघाला नाही. त्यानं विहीर खोलवली, कडेनं बांधून घेतली, नवी मोटार बसवली. पाणी वाढलं. आमच्या पाळीचं पाणी आधीपेक्षा जोरात यायला लागलं, अण्णा स्वतः सांगायचे. पण मोटारघराला कुलूप आलं. आधी रात्री-बेरात्री कुणीही जाऊन बटण दाबायचं, आता किल्ली मागायला जावं लागायचं. किल्ली कधी नाकारली नाही त्यानं. तरी अण्णांनी दोन वर्षांत आमच्या रानात बोअर घेतलं. मी विचारलं, पाणी मिळतंय की, मग कशाला? म्हणाले, "मागावं लागतंय ना."

मीही तेच केलं. आडतीचा डेटाबेस २०१३ मध्ये मारियाडीबीवर नेला. विकिपीडियानं त्याच वर्षी तसं केलं होतं, पुढच्या वर्षी रेड हॅटच्या लिनक्सबरोबर मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी येऊ लागली. मला फार मोठ्या सोबतीत चालल्यासारखं वाटलं. पतसंस्था मात्र मायएसक्यूएलवरच ठेवली. का, हे नीट सांगता येत नाही. थोडा कंटाळा, थोडी भीती, आणि थोडं असं की चालतंय ते चालू द्यावं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी विहिरीला तळ दिसला आणि बोअरनंही नुसती हवा ओढली. किल्ली असलेला आणि नसलेला, दोघं टँकरच्या एकाच रांगेत उभे होते. २०२४ मध्ये मारियाडीबीची कंपनीही एका गुंतवणूक कंपनीनं विकत घेतली. कोड जीपीएलखालीच आहे, सांभाळायला वेगळं फाउंडेशन आहे. मी बातमी वाचली आणि खरं सांगायचं तर या वेळी हात गार पडले नाहीत. इतर अधिकाराचा रकाना उघडून पाहिला, ओळ जागेवर होती, आणि बॅकअप तपासायला घेतला.

ऐन पंचविशीतली पोरं आता मला विचारतात, सर, कोणता डेटाबेस शिकू, कोणता टिकेल? काही पोस्टग्रेसकडं वळलीत, त्याला एक मालकच नाही, म्हणून मला ते आवडतंही. पण मी त्यांना आधी डेटा बाहेर काढायला शिकवतो. साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवायचा, दुसऱ्या मशीनवर नेऊन परत उभा करायचा, ओळी मोजायच्या, बेरजा जुळवायच्या. पोरांना ते कंटाळवाणं वाटतं. मला त्या वेळी मुनीमजींचा आवाज ऐकू येत असतो, थांब बाळा.

त्या सोमवारनंतर गुरुवारी मी पतसंस्थेत गेलो. बाकीचे रिपोर्ट समक्ष तपासायचे होते आणि तोंड दाखवायचं होतं. मॅडमनी चहा सांगितला. टेबलावर पासबुकांच्या ढिगाशेजारी शंभर पानी वही होती, पोरांच्या शाळेची असते तशी, वर रुळांचं चित्र. सहज उघडली. निळ्या पेनानं ओळीनं गटांची नावं लिहिलेली, देवीच्या नावाचे गट, जिजाऊंच्या, सावित्रीबाईंच्या नावाचे. प्रत्येकापुढं अध्यक्ष बाईंचं नाव, गल्ली किंवा वस्ती, शिल्लक. काही आकडे खोडून पुन्हा लिहिलेले. सोमवारी साडेदहा ते दीड, मी लातुरात चूक शोधत होतो तेवढ्या वेळात त्यांनी पायऱ्यांवरच्या बायकांना एकेक करून आत बोलावलं होतं, पासबुक पाहून, विचारून, आठवून सगळं उतरवून घेतलं होतं. आणि हप्तेही घेतले होते. एकही बाई परत गेली नव्हती. मी मोजले. त्रेसष्ट.

"आता हे लागायचं नाही मॅडम," मी म्हणालो. "आता गट कुठं जायचे नाहीत. रोज रात्री नक्कल निघते, एक इथं, एक लातूरला."

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, कोपरे सरळ केले आणि ड्रॉवरमध्ये शिक्क्याच्या डबीखाली ठेवली.

"असू द्या सर ती हितंच."